मागची सीट

तिसऱ्यांदा गाडी जॅकवर चढवून खाली घेतली. मागचे नवे रुंद टायर बाहेर डोकावतात म्हणून मडगार्डवर फ्लेअरच्या रुंद पट्ट्या बसवल्या, आतली कड कापली, तरी गॅरेजसमोरच्या खड्ड्यात टायर घासतोच.

“मिस्त्री, तुमचं माप चुकलंय,” गाडीवाला निनाद म्हणाला.

वीस वर्षं हेच करतोय. माझं डोकं सणकलं.

मागच्या सीटवर त्याची आई अंग चोरून बसली होती. नव्या टायरांची पूजा करायला हौसेनं आली होती.

“आई, जरा उतर गं.”

गाडी त्याच खड्ड्यातून पुन्हा नेली. आवाज नाही.

“मिटलं!” निनाद हसला.

“काय मिटलं?” मी पाना आपटला. “आई बसली की घासणारच! जुने टायर चढवतो.”

“राहू द्या भाऊ,” नव्या टायरखाली लिंबू ठेवत निनादची आई म्हणाली. “इथं रिक्षा कुठे मिळेल?”