कुंपणाजवळची माती

"सही इथे," संस्थेच्या संचालकांनी बोट ठेवलं. "आणि मागच्या पानावर."

तिने करार पुन्हा वाचला. मातीतल्या ज्या जिवाणूने तिच्या काचेच्या बशीतली प्लॅस्टिकची पट्टी अकरा आठवड्यांत खाऊन तिची चाळण केली होती, त्याच्या सगळ्या नळ्या, सगळ्या नोंदी आता कंपनीच्या होणार होत्या. कंपनी प्लॅस्टिकच्या पिशव्या बनवायची.

"तुम्ही याचं करणार काय?" तिने कंपनीच्या वकिलाला विचारलं.

"जपून ठेवणार. गोठवून."

"आणि वापरणार कधी?"

वकील नुसता हसला. "तो जिथे सापडला तो बागेतला कोपराही करारात आहे. उद्या माती उपसून वर काँक्रीट घालू."

"हे बघ," संचालक मध्ये पडले, "नऊ वर्षं तू मुदतवाढीचा कागद घेऊन माझ्या दारात उभी राहतेस. आता तुझी जागा कायम. नाही म्हणालीस तर प्रयोगशाळेलाच कुलूप. मग काय, घरच्या फ्रिजमध्ये भाजीशेजारी ठेवणार आहेस त्याला?"

तिलाही हसू आलं. आपण हसलो याची तिला लाज वाटली, पण तोवर सही होऊन गेली होती.

खाली संस्थेच्या बागेत तिचे वडील वाफा खणत होते. अठ्ठावीस वर्षं ते इथे माळी होते. कुंपणाजवळच्या मातीत रोपांच्या पिशव्या विरून जातात, हे आधी त्यांनीच हेरलं होतं. त्यातली मूठभर माती रुमालात बांधून त्यांनी लेकीच्या टेबलावर आणून ठेवली होती.

"काय झालं गं वर?"

"जागा कायम झाली, बाबा."

त्यांनी पँटला हात पुसले आणि तिच्या डोक्यावर ठेवले. डोळे भरून आले होते. "आणि आपला किडा? शेतांमध्ये कधी सोडणार?"

"तो आता कंपनीचा. सोडणार नाहीत." "तो कोपराही उद्या उपसणार आहेत. वर काँक्रीट."

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"सही करायच्या आधी?"

त्यांनी तिच्या डोक्यावरचे हात काढून घेतले.

"मग उद्यापर्यंत परक्या माणसांची वाट कशाला बघायची? मीच उपसतो," ते म्हणाले आणि कुदळ खांद्यावर टाकून कुंपणाकडे चालू लागले.

तिने हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही.