एका घरात दोघं

शेंद्र्याच्या देवळात सप्ताहाचा पाचवा दिवस. भर दुपारी मुंजाबा एकटाच गळ्यात वीणा घेऊन उभा होता. त्याचा पहारा कधीच संपला होता. पुढचा पहारेकरी कडूबा कंपनीतच अडकला होता. काल्याच्या कीर्तनापर्यंत वीणा भुईला टेकवायची नसते; एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते.

मुलगा बद्रीनाथ कॉलेजात शिकवून थेट इथंच आला होता. त्याला बापाचे गुडघे थरथरताना दिसले. त्यानं कडूबाला फोन लावला. नुसताच वाजत राहिला. कंपनीत फोन आत नेऊ देत नाहीत.

"आज काय शिकवलं पोरायला?" तारेवरचं बोट न थांबवता मुंजाबानं विचारलं.

"अणूत इलेक्ट्रॉन कसे राहतात ते." बद्रीनाथचं लक्ष रस्त्याकडं होतं. "आधी खालची पातळी भरते, मग वरची. ऑर्बिटल म्हणजे त्यांचं घर. एका घरात दोघंच, तेही उलट्या फिरकीचे."

"एकाच फिरकीचे आसले तं?"

"तर एका घरात राहत नाहीत."

"म्हणून आपलं दोघायचं एका घरात निभलं म्हण की," म्हातारा हसला.

हसता हसता वीणा कलली. बद्रीनाथनं धावत जाऊन हात पुढं केले. "द्या इकडं. कडूबाकाका येईस्तोवर मी उभा राहतो."

मुंजाबानं त्याच्या गळ्याकडं पाहिलं. तुळशीची माळ त्यानं उतरवल्यापासून तो गळा मोकळाच होता, आणि वीणा घ्यायला माळकरीच लागतो.

"खालची जागा रिकामी झाली की वरचा इलेक्ट्रॉन उतरून तिथं येतो, बाबा. त्याला कुणी माळ विचारत नाही."

"लई वाटतं रे, तुझ्या गळ्यात घालावी." म्हाताऱ्यानं वीणा घट्ट धरली. "पण माझ्या हातात नाय ते."

बद्रीनाथचे हात तसेच राहिले. मग त्यानं विचारलं, "तुमच्या अंगाला तरी हात लावू?"

"आंगाला लाव की. आंग तुझंच हाय."

बद्रीनाथ मागं गेला. वळला, आणि बापाच्या पाठीला पाठ लावून, पाय रोवून उभा राहिला. हळूहळू म्हाताऱ्याचं सगळं ओझं त्याच्यावर आलं. मुंजाबाचं तोंड विठ्ठलाकडं, त्याचं रस्त्याकडं.

रस्ता रिकामा होता. वीणेची तार त्याला पाठीतून ऐकू येत होती.