शेवटचं प्रकरण

"आत्या, दाणी सर कोण गं?" जुन्या इंग्रजी कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात सापडलेली चिठ्ठी भाचीनं पुढे केली.

'लग्न कराल माझ्याशी? होकार असेल तरच बोला. - दाणी'

कादंबरीत धुक्यातला महाल, कुलूपबंद खोली, भिंतीआडचे हुंदके. या प्रेमाचं काहीतरी भयंकरच होणार म्हणून कुमुदबाईंनी ते प्रकरण कधी उघडलंच नव्हतं. पण स्टाफरूममध्ये सरांनी विचारलं, "शेवटपर्यंत वाचलंत?" इंग्रजीच्या प्राध्यापिकेनं घाबरले असं कसं सांगायचं? "हो, अगदी शेवटपर्यंत," त्या म्हणाल्या होत्या. सरांनी सत्र संपेपर्यंत वाट पाहिली, मग दिलेलं पुस्तक परत न मागताच दुसऱ्या कॉलेजात निघून गेले.

कुमुदबाईंनी चिठ्ठीची घडी घातली. "कादंबरीत शेवटी काय होतं गं?"

"काय व्हायचंय? लग्न करतात दोघं."