भाग जातो हे नक्की

आठ महिने झाले, घरात कॉम्प्युटरचा पंखा घरघरतोय आणि आमचे हे त्याच्यासमोर बसलेत. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात. हे दोनशे अंकी संख्येचे अवयव पाडतायत.

"अगं, ही मूळ संख्या नाही, हे चाचणीत पक्कं ठरलंय. हिला अवयव आहेतच!"

"मग कुठायत?"

"तेच तर सापडत नाहीत! भाग जातो हे नक्की, पण कशाने जातो ते कळत नाही. हीच तर गंमत."

गंमत! माझं डोकंच फिरलं. "आणि चारुताचं काय? पोरगी दोन दिवसांसाठी म्हणून माहेरी आली, त्याला पंधरवडा झाला. काही विचारलंत तिला?"

"विचारलं की. म्हणाली, सगळं ठीक आहे."

"दोन दिवसांसाठी आलेली मुलगी स्वतःचा कुकर घेऊन येते का हो?"

ते परत स्क्रीनकडे वळले.

"तुमची संख्या तरी स्वतःहून काही सांगते का? तरी आठ महिने तिच्यामागे लागलात. पोरीला मात्र एकदा विचारलंत आणि सुटलात!"

मी सरळ स्विच बंद केला. एरवी त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. पण पंखा थांबला आणि आतल्या खोलीच्या बंद दारामागून हुंदका ऐकू आला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हे कधीपासून?"

"आली त्या दिवसापासून," मी म्हटलं. "तुमचा पंखा चालू होता."