पश्चिमेच्या अक्षता

मुकुल मेलेला निघाला, तर जमादार भागवतच्या पदरात एक साधा पंचनामा पडणार होता. जिवंत निघाला, तर फरारी आरोपी हुडकल्याची शाबासकी, आणि दिवाळीला निवृत्त होण्याआधी खांद्यावर एक चांदणी. जमादाराचा कल कुणीकडं होता, हे सांगायला ज्योतिषी नको.

मुकुल कोकणात लाटांवर सर्फिंग शिकवायचा. रविवारी सकाळी फळी घेऊन एकटाच आत गेला. सोमवारी नुसती फळी किनाऱ्याला लागली. कडेला अर्धगोल तुकडा गायब, दातांचे ठसे शार्कचे.

समुद्रापासून कोसो दूर असलेल्या सेलूचा माणूस शार्कनं खाल्ला म्हटल्यावर तिथल्या पोलीस ठाण्यात आधी हसू फुटलं. मग कुणाला तरी आठवलं, मोटरसायकलच्या धडकेत याच पोरावर खटला चालू आहे आणि पुढच्या मंगळवारी तारीख आहे. मेलेल्यावर खटला चालत नाही.

किनाऱ्यावरच्या पोलीस साहेबांचं विचारणं एवढंच होतं: पोरगा घरी आलाय का? नसेल तर शोधाला दोन बोटी अजून आठवडाभर फिरवतो.

शुक्रवारी भागवत सेलूत व्यंकटरावांच्या दारात उभा राहिला. मुकुलचे वडील, निवृत्त हेडमास्तर. त्यांनी 'बसा' म्हटलं नाही, भागवत न म्हणताच बसला.

"फळीला दात उमटलेत. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

"दोरी पाहिजे, मास्तर. फळीची दोरी पायाला बांधत्यात म्हणं. फळी आली, दोरी न्हाई. कुणी सोडली?"

"शार्कला विचारा."

"इचारलं असतं. पर त्यो आमच्या हद्दीत येत न्हाई."

"पोरगा गेला, जमादार. लिहा आणि उठा."

भागवत उठला नाही. दाराशी पोराच्या चपला पुसून ठेवलेल्या. दोरीवर त्याचा निळा शर्ट, अजून ओला. मास्तरांच्या मापाचा नाही. त्यानं दोन्ही गोष्टी मनात टिपून घेतल्या.

आतून आरतीचा आवाज आला. श्रावणातला शुक्रवार, भिंतीवर जिवतीचा कागद, ताटात पुरणाचे दिवे. मुकुलच्या आईनं, पार्वतीबाईंनी, धाकट्या लेकीला, राजेश्रीला ओवाळलं. मग अंगणात आल्या आणि परगावी असलेल्या लेकरासाठी आया टाकतात तशा चारी दिशांना अक्षता टाकल्या. पश्चिमेला जरा जास्तच.

जमादाराच्याही घरी ओवाळणं व्हायचं. हे जिवंत लेकरांसाठीच करतात, हे त्याला शिकवायची गरज नव्हती.

"काकू, अक्षता कुणाच्या नावानं?"

"मुकुलच्या."

"मेलेल्याला आपल्याकडं परगाव म्हणायलेत का आता?"

"आत जा तू," व्यंकटराव बायकोवर ओरडले.

त्या हलल्या नाहीत. "कुठं हाय ते मला म्हाईत न्हाई. पर हाय."

"आन ह्यो शर्ट?"

"आल्यावर घालायला धुतलेला लागंल की."

भागवतनं मान डोलावली. बाप म्हणतो मेला, आई त्याचे कपडे धुते. दोघांनी बोलणं नीट ठरवलेलं दिसत नव्हतं.

"बोटी तेवढ्या थांबवू नका, दादा," पार्वतीबाई म्हणाल्या.

"नाटक बी बरं जमायलंय, काकू."

"नालायक माणूस आहेस," व्यंकटराव म्हणाले.

"लिहून द्या, फाईलला लावतो."

फाटकातूनच त्यानं किनाऱ्यावर फोन लावला. साहेबांनी एकदाच विचारलं, "खात्री आहे? बोटी परत बोलावू?"

"बोलवा, साहेब. त्यो जित्ता हाय. पाण्यात न्हाई."

त्याच दुपारी बोटी परतल्या. भागवतनं तीन दिवस सेलूचं स्टेशन आणि चुडाव्याच्या पाहुण्यांचं घर राखलं. मंगळवारी कोर्टात मुकुलच्या नावाचं वॉरंट निघालं. ठाण्यात पेढे आले.

बुधवारी कोकणातून फोटो आले. किनाऱ्यापासून चार कोसांवर समुद्रात एक उघडा खडक आहे. मासेमार तिथं वाऱ्यापावसात आडोशाला गेले, तेव्हा त्यांना मुकुलचं प्रेत सापडलं. मांडीचा लचका तुटलेला, वर फळीच्या दोरीनं घट्ट आवळलेलं. खडकाच्या खळग्यात पावसाचं पाणी. उशाला एक शिंपला, आणि शिंपल्यानं दगडावर ओढलेल्या रेघा, दिवसाला एक.

भागवतनं फोटो मोठा करून बोटांवर मोजलं. रविवार ते बोटी परतल्या तो शुक्रवार, सहा.

रेघा नऊ होत्या.