मधल्या रांगेतला तिसरा

टक. परत आलाच.

अमरीनने रेकॉर्डिंग मागे नेलं आणि पुन्हा लावलं. तिचं वाक्य स्वच्छ होतं. पाण्यात बुडवलेली पेन्सिल वाकडी दिसते, पण ती वाकलेली नसते. एवढ्याशा वाक्यात तो टक पाच वेळा वाजला. तिने मोजलं: दर ०.९ सेकंदाला एक.

बाहेरून दहावी देणाऱ्या मुलांसाठी विज्ञानाचे पाठ फोनवर ऐकवायचे, असं काम पुण्यातली एक संस्था देणार होती. नमुन्याचा पाठ आज पाचपर्यंत पाठवायचा होता. मागे दुसरा कसलाही आवाज चालणार नव्हता. आणि अमरीनच्या घराखालच्या कारखान्यात चोवीस लूम, म्हणजे यंत्रमाग, होते. शुक्रवारी ते बंद असतात, पण आज मंगळवार होता.

तसं घाबरायचं कारण नव्हतं. मागच्या आठवड्यात तिने कॉम्प्युटरचा मदरबोर्ड आणि रॅम बदलून घेतली होती. कॉम्प्युटर पळू लागला, पण रेकॉर्डिंगचं जुनं सॉफ्टवेअर त्यावर उघडेना. मग तिने तीन नवी सॉफ्टवेअर उतरवली. एक फुकट, दोन महिनाभर वापरून बघायची. तिन्हींची रीत एकच. आधी काही सेकंद नुसता गोंगाट ऐकायचा, तो ओळखून ठेवायचा आणि मग बोलण्यातून वजा करायचा. चोवीस लूमची धडधड तिन्हींनी पुसून टाकली. टक मात्र तिन्हींतही उरला. आता चौथं राहिलं होतं. त्याची वर्षाची फी नव्या मदरबोर्डाएवढी होती. तिने ते पान उघडून ठेवलं होतं. पावणेतीन झाले होते.

अब्बा चष्मा शोधत आत आले. पडद्यावरच्या रेघा बघून त्यांनी हनुवटी उडवली. काय झालं?

अब्बा म्हणजे नूरुद्दीन जॉबर. खालचे बिघडलेले लूम दुरुस्त करण्यात तीस वर्षं गेली आणि त्यांतच कान गेले. अमरीन आठ वर्षांची होती तेव्हापासून घरात सगळे त्यांच्याशी ओठ आणि बोटांनी बोलत. लूमवरची माणसं तशीच बोलतात, त्यामुळे त्यांना ते जड गेलं नाही. डॉक्टरांनी काढलेला त्यांच्या कानांचा आलेख अमरीनने फायलीत पाहिला होता. खालच्या, जाड आवाजांची रेघ जवळजवळ सरळ होती. पुढे ती विहिरीत पडावी तशी पडली होती. माणसांचे शब्द त्या विहिरीत होते, सूर तेवढा काठावर.

गंमत म्हणून तिने हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला, आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि बोलायला लागण्याआधीची वीस सेकंदं लावली. नुसत्या लूमची.

अब्बांनी डोळे मिटले. टेबलावर त्यांचं एक बोट हलू लागलं. अमरीनने पडद्याकडे पाहिलं. बोट बरोबर टकवर पडत होतं.

"मधल्या रांगेतला तिसरा," ते मोठ्याने म्हणाले. "डावा पिकर खाल्लाय."

"चोवीस लूम आहेत, अब्बा." तिने बोटांनी आकडा दाखवला.

"तेवीस ठीक हायेत."

ते जिना उतरलेसुद्धा. अमरीन मागोमाग गेली. कारखान्यात पाऊल टाकल्यावर तिला स्वतःचा श्वासही ऐकू येईना. अब्बा इकडेतिकडे न बघता मधल्या रांगेत शिरले, तिसऱ्या लूमपाशी थांबले आणि त्यांनी दांडा ओढून तो बंद केला. लूमवरचा रघू हातवारे करत धावत आला.

"चाचा, चालता लूम बंद केलात! मीटरवर मजुरी माझी, ती कोण भरून देणार?"

अब्बांनी त्याचे ओठ वाचले. "फाटलेला कपडा शेठ तुलाच नेसवील. पाना दे."

पिकर, म्हणजे धोट्याला ठोकर मारणारा रबराचा ठोकळा, त्यांनी काढला आणि अमरीनच्या तळहातावर ठेवला. त्याला एका बाजूने बोराच्या बीएवढा खड्डा पडला होता. धोटा दरवेळी त्या खड्ड्यात आपटून तिरका निघत होता. ती त्या खड्ड्यावरून अंगठा फिरवत राहिली. तीन सॉफ्टवेअरना जे वेगळं काढता आलं नाही, ते या माणसाने वीस सेकंदांत काढलं होतं. तेही गेलेल्या कानांनी.

नवा पिकर बसवून अब्बांनी लूम चालू केला. सव्वातीनला तिने पाठ पुन्हा वाचला. फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये घातला. एका झटक्यात सगळा गोंगाट नाहीसा झाला. चोवीस लूम चालू असताना भिवंडीत अशी शांतता तिने कधी ऐकली नव्हती. चूक सॉफ्टवेअरची नव्हतीच. एकसारखा गोंगाट त्याला पुसता येत होता, लंगडा नाही. चौथ्याचं पान तिने बंद केलं.

पाठवण्याआधी तिने आवाज शेवटपर्यंत वाढवून हेडफोन पुन्हा अब्बांना दिला. तुम्हीच तपासा. त्यांनी तेलकट हात लुंगीला पुसले आणि खुर्चीत बसले. पाठ अकरा मिनिटांचा होता. दुसऱ्या मिनिटाला ते उठतील असं तिला वाटलं. ते हलले नाहीत. मान जराशी वाकडी करून, भिंतीकडे बघत, शेवटपर्यंत ऐकत राहिले. पाठ संपला तरी हेडफोन काढेनात.

"लूम गेले. एकबी न्हाय ऱ्हायला," ते म्हणाले.

तिने मान हलवली आणि पाठवायचं बटण दाबलं.

"पन अमरीन," त्यांनी पडद्याकडे बोट केलं, "ही मास्तरीन कोन गो? पोरीचा आवाज काय गोड हाय."