तिसरा हिस्सा

१९७९ साली निर्मलाबाई शहापूरच्या तुलाराम मास्तरांची दुसरी बायको होऊन आली, तेव्हा वारलेल्या पहिलीचं, उषाचं, घरात काहीच उरलेलं नव्हतं. लुगडी, भांडी, फोटो, सारं मास्तरांनी तिच्या माहेरी पोचतं केलं होतं. समोरच्या खोलीत काचेच्या पेटीत चार लाल मासे होते, तेवढाच काय तो मास्तरांचा नाद.

दर रविवारी ते पेटीतलं तिसरा हिस्सा पाणी काढत आणि विहिरीचं तेवढंच पाणी, सकाळपासून घरात ठेवलेलं, हळूहळू ओतत. निर्मलाबाई मदतीला आली की म्हणत, "सारं एकदम नोको बदलू. मासे घाबरतेत."

दुसऱ्या उन्हाळ्यात मासे एकामागून एक मेले. शेवटचा मेला त्या दिवशी मास्तर न जेवताच पेपर तपासायला शाळेत गेले. निर्मलाबाईला वाईट वाटलं. रिकामी पेटी त्यांच्या डोळ्यांसमोर नको, म्हणून तिने सगळं पाणी मोरीत ओतलं, काच चिंधीनं लख्ख पुसली आणि पेटी अंगणात उन्हाला ठेवली.

मास्तर परतले ते पेटीपाशीच थांबले.

"सारंच ओतलं?"

"हो. मासेच नाही राहिले, तं पाणी कायले ठेवाचं?"

ते कोरड्या काचेवरून बोट फिरवत राहिले.

"पहिल्यांदा उषानं भरलं होतं," ते म्हणाले. "दरवेळी त्यातलं थोडं थोडं राहतच होतं."